छपराखालचा फुटबॉल

ठाण्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर वाहनतळ आहे. जुलैतल्या एका संध्याकाळी पाऊस तिरपा झोडपत होता, समोरच्या बागेत घोट्याएवढे पाणी साचले होते आणि मुलांनी वाहनतळातल्या दोन रिकाम्या जागांवर फुटबॉल मांडला होता. एका बाजूला दोन दप्तरे, दुसऱ्या बाजूला एक हेल्मेट आणि एक चप्पल, असे गोल होते. मध्ये काँक्रीटचे चार खांब. मी छत्री मिटून जिन्याकडे वळत होतो, तेवढ्यात दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीकडे चेंडू आला. तिच्या पाठीशी खांब होता आणि समोरून दोन मुले धावून येत होती. चेंडू अडवण्यासाठी तिने पायाची आतली बाजू पुढे केली नाही. तिने तो वरून, तळपायाखाली दाबून धरला, ती दोघे अगदी अंगावर येईपर्यंत थांबली आणि मग तळपायानेच मागे ओढून खांबाच्या दुसऱ्या अंगाने निघून गेली. ती दोघे खांबावर आपटता आपटता राहिली. पुढच्या मिनिटाला कोणाचा तरी फटका एका गाडीच्या दारावर बसला, गाडी कोकलू लागली, कमिटीतले एक गृहस्थ खाली आले आणि चेंडू सोसायटीच्या कार्यालयातल्या कपाटात जमा झाला. मुले कुरकुरत पांगली.

चेंडू जप्त झाल्याचे वाईट वाटलेच. पण रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोरून हलत नव्हता तो तिचा तळपाय. तिला हे कोणी शिकवले असेल?

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलो. तिथे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि शाहू स्टेडियम म्हणजे पेठापेठांची, तालमी-तालमींची ईर्षा. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर असले की दुपारपासूनच गल्ल्या रिकाम्या होत. तो मोठ्यांचा खेळ होता. हंगाम संपून पावसाळा लागला की आम्ही पोरे बोळात खेळत असू. बोळ इतका चिंचोळा होता की दोघे शेजारी उभे राहिले की तिसऱ्याला वाट उरत नसे. एका अंगाला दगडी पायऱ्या आणि दुसऱ्या अंगाला उघडे गटार. चेंडू गटारात गेला की ज्याच्या पायाला तो शेवटचा लागला त्यानेच बाहेर काढायचा, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता आणि तो मोडण्याची कोणाची छातीही नव्हती. त्या धास्तीने चेंडू पायापासून दूर जाऊ न देण्याची सवय आम्हाला आपोआप लागली. पुढे मैदानावर सराव सुरू झाला तेव्हा आमचे सर हीच सवय मोडून काढायला निघाले. "चेंडूवर उभा राहू नगंस! बोटानं मारायचं न्हाई!" ही त्यांची हाक मला आजही ऐकू येते. तळपायाने चेंडू थांबवणे हा आळस आणि बुटाच्या टोकाने मारणे हा अडाणीपणा, असे त्यांचे ठाम मत होते. शंभर मीटर लांबीच्या गवताळ मैदानाच्या हिशेबाने ते योग्यही होते, कारण तिथे चेंडूवर पाय ठेवून उभे राहणारा खेळाडू संघाचा वेग मारतो. बोळाचा हिशेब वेगळा असतो आणि त्या हिशेबावर फुटसाल नावाचा एक अख्खा खेळ, छपराखालचा पाच-पाच जणांचा फुटबॉल, उभा आहे, हे मला फार उशिरा, उरुग्वेतल्या एका व्यायामशिक्षकाविषयी वाचताना उमगले.

१९३० सालचा जुलै. मॉन्टेव्हिडिओत तो हिवाळ्याचा महिना. पहिल्या विश्वचषकासाठी शहरात नवे सेंतेनारियो स्टेडियम उभे राहत होते आणि पावसाने त्याच्या बांधकामाला इतका उशीर लावला की सुरुवातीचे सामने शहरातल्या दुसऱ्या, लहान मैदानांवर भरवावे लागले. ३० जुलैला याच स्टेडियमवर उरुग्वे आणि अर्जेंटिना यांच्यात अंतिम सामना झाला. कोणत्या चेंडूने खेळायचे यावर दोन्ही संघांचे एकमत होईना, म्हणून पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळवण्यात आला. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ असा पुढे होता. शेवटी उरुग्वे ४-२ असा जिंकला. १९२४ आणि १९२८ या दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांच्या पाठोपाठ हा विजय आल्यावर त्या शहरातल्या पोरांचे काय झाले असेल, हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. प्रत्येकाला फुटबॉलच हवा होता. मैदाने मात्र तेवढीच होती, त्यात थंडी आणि पाऊस. वायएमसीए या युवकांच्या संस्थेच्या व्यायामशाळेत बास्केटबॉलचे कोर्ट होते; मुलांनी त्यावर फुटबॉल खेळायला सुरुवात केली.

तिथे हुआन कार्लोस सेरियानी नावाचे शिक्षक होते. बंदिस्त जागेत, लाकडी जमिनीवर, खिडक्यांच्या आणि भिंतींच्या मधोमध वीसेक मुले एका उसळत्या चेंडूमागे धावत असल्याचे दृश्य त्यांनी पाहिले असणार. अशा वेळी मोठी माणसे काय करतात, हे मी आमच्या वाहनतळात पाहिले आहे. सेरियानींनी चेंडू काढून घेतला नाही. त्यांनी नियम लिहायला घेतले आणि १९३३ साली ते पूर्ण केले. पाया फुटबॉलचाच ठेवला, म्हणजे चेंडू पायानेच खेळायचा. बाकी त्यांनी जिथे जे योग्य मिळाले ते घेतले: एका बाजूला पाच खेळाडू आणि चाळीस मिनिटांचा वेळ बास्केटबॉलवरून, मैदानाचे आणि गोलाचे माप हँडबॉलवरून, गोलरक्षकासंबंधीचे नियम वॉटर पोलोवरून. तरणतलावातला खेळ लाकडी जमिनीवर आणणाऱ्या या शिक्षकाविषयी मला मनापासून आदर वाटतो. एखादा खेळ शुद्ध असला पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला नाही. आपल्यासमोरच्या मुलांना या खोलीत खेळता आले पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

मला या गोष्टीत सर्वांत जास्त गुंतवून ठेवतो तो चेंडू. नेहमीचा फुटबॉल कठीण जमिनीवर खेळून पाहा: तो गुडघ्याएवढा, छातीएवढा उडत राहतो, पायात ठरत नाही आणि प्रत्येक दुसऱ्या फटक्याला रेषेबाहेर जातो. दक्षिण अमेरिकेत सुरुवातीच्या काळात या चेंडूत लाकडाचा भुसा, बुचाचा चुरा किंवा झाडांचे राठ तंतू भरत असत. तरीही तो उसळायचा आणि बाहेर जायचा, तेव्हा त्याचा आकार कमी करत आणि वजन वाढवत नेले गेले. ब्राझीलमध्ये या खेळाला जड चेंडूचा खेळ असेच म्हणू लागले. आजचा फुटसालचा चेंडू चार नंबरचा असतो, घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर, वजन ४०० ते ४४० ग्रॅम. दोन मीटर उंचीवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला तो ५० सेंटिमीटरपेक्षा कमी आणि ६५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उसळता कामा नये. मैदानी फुटबॉल तेवढ्याच उंचीवरून त्याच्या दुपटीहून अधिक उडतो. मी असा चेंडू पहिल्यांदा हातात घेऊन फरशीवर सोडला तेव्हा क्षणभर वाटले की यातली हवा गेली आहे. तो एक जड, बुजरा आवाज करून टप्पा घेतो आणि लगेच जमिनीला धरतो. पण त्यावर तळपाय ठेवला की सगळा उलगडा होतो. हा चेंडू तळपायाखाली थांबतो. वरून दाबून धरलेला चेंडू पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, चारही दिशांना त्याच पायाने नेता येतो आणि खेळाडूची मान वर राहते. फुटसालमध्ये चेंडू घेण्याची मूळ रीतच तळपायाची आहे. ज्या सवयीबद्दल आम्ही सरांच्या शिव्या खाल्ल्या, ती तिथे पहिल्या दिवशी शिकवली जाते.

जागेचे गणितही करून पाहण्यासारखे आहे. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर बावीस खेळाडू असतात. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३२५ चौरस मीटर येतात. ४० बाय २० मीटरच्या फुटसाल कोर्टवर दहा जण असतात आणि प्रत्येकाला ८० चौरस मीटर मिळतात. म्हणजे जागा एक चतुर्थांश झाली आणि विचार करायला मिळणारा वेळही त्याच प्रमाणात आटला. लपायला जागा नाही, विसावायला जागा नाही. मोठ्या मैदानावर कडेचा बचावपटू पाच-पाच मिनिटे चेंडूला स्पर्श न करता राहू शकतो; इथे ते शक्यच नाही. चेंडू घ्या, पुढच्याला द्या, लगेच जागा सोडा, पुन्हा मागा. बदली खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात, कारण या गतीने कोणीही चाळीस मिनिटे टिकू शकत नाही. बाहेर गेलेला चेंडू आत टाकायला चार सेकंद मिळतात. घसरत येऊन चेंडू काढण्यास बराच काळ मनाई होती, कारण लाकडी जमिनीवर मांडी सोलून निघते. एका अर्ध्यात संघाचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून समोरच्याला मध्ये बचावपटूंची भिंत नसलेला थेट फटका मिळतो, त्यामुळे दांडगाई करून जागेची कमतरता भरून काढण्याचा मार्ग बंद होतो. यातले सगळे नियम सेरियानींचे नाहीत, कित्येक पुढच्या दशकांत आले. पण प्रत्येक नियम वाचताना त्यामागची तक्रार ऐकू येते, आणि त्या तक्रारीला बंदीने उत्तर न देता मापाने उत्तर दिलेले दिसते.

छपराखालच्या फुटबॉलचा दुसरा एक वंश उत्तर अमेरिकेत वाढला. तिथे आइस हॉकीच्या धर्तीवर मैदानाभोवती कठडे उभारले आणि चेंडू कठड्यावर आपटून परत येऊ लागला. १९७८ साली तिथे व्यावसायिक लीगही सुरू झाली आणि काही वर्षे मोठी गर्दी खेचत राहिली. तो खेळ बघायला थरारक आहे, हे मी मान्य करतो. तरीही माझा कौल रेषेला आहे. कठडा वाईट पास माफ करतो, चुकलेला चेंडू तुमच्याकडे परत पाठवतो. रेषा माफ करत नाही. चेंडू गेला तर गेला, आता तो समोरच्याचा. आमच्या बोळात एका बाजूला पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूला गटार असे दोन्ही प्रकार होते आणि चेंडूवर ताबा ठेवायला आम्हाला शिकवले ते गटाराने.

मॉन्टेव्हिडिओच्या वायएमसीएत दक्षिण अमेरिकेतले व्यायामशिक्षक प्रशिक्षणाला येत असत, त्यांच्याबरोबर हा खेळ सीमा ओलांडून गेला. ब्राझीलमध्ये तो असा काही रुजला की साओ पावलोची मंडळी त्याच्या जन्मावर आपलाही हक्क सांगतात. मला या वादात फारसे तथ्य वाटत नाही. उरुग्वेने तो मांडला आणि ब्राझीलने तो वाढवला, यात दोघांचाही मान राहतो. ब्राझीलच्या शहरांमध्ये जसजशा मोकळ्या जागांवर इमारती चढत गेल्या, तसतसा हा खेळ क्लबांच्या आणि शाळांच्या बंदिस्त कोर्टांत घट्ट होत गेला. १९५० च्या दशकात तिथे नियमांची पुस्तके निघाली, संघटना स्थापन झाल्या. १९७१ साली आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला आणि पुढे फिफाचे अध्यक्ष झालेले जुआँव आवेलांज त्याचे पहिले अध्यक्ष होते. १९८२ साली साओ पावलोत त्या महासंघाचा पहिला विश्वचषक झाला. मग फिफाने या खेळात लक्ष घातले, दोन संघटनांची ओढाताण झाली आणि १९८९ साली नेदरलँड्समध्ये फिफाचा स्वतःचा विश्वचषक सुरू झाला. तोही ब्राझीलनेच जिंकला. संघटनांच्या भांडणापेक्षा मला त्या कोर्टांवरून बाहेर पडलेले पाय जास्त महत्त्वाचे वाटतात.

त्यातले दोन फटके मी विसरू शकत नाही.

पहिला २००२ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यातला, जपानमधल्या सैतामात तुर्कस्तानविरुद्ध. ब्राझीलचा रोनाल्डो डावीकडून आत शिरतो, भोवती चार बचावपटू गोळा होतात, फटक्यासाठी पाय मागे नेण्याएवढीही जागा उरत नाही. तो पाय मागे नेतच नाही. धावता धावता, पावलाची लय न मोडता, बुटाच्या टोकाने चेंडूला नुसती टोच देतो. गोलरक्षक हलतो, पण उशिरा, कारण फटका येणार असल्याची कोणतीच वर्दी त्याला मिळालेली नसते. दुसरा मार्च २००५ मधला, चेल्सीच्या मैदानावर बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्योचा. तो पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर चेंडू घेऊन उभा राहतो. खरोखरच उभा राहतो. कंबर हलवतो, पाय चेंडूवर झुलवतो, समोरचे सगळे जागच्या जागी खिळतात आणि त्या स्तब्धतेतून टोकाचा एक फटका जाळीत जातो. गोलरक्षक पेत्र चेक उडी मारायलाही धजत नाही. रिओच्या उपनगरातल्या सोशल रामोस क्लबच्या कोर्टवर लहानपणी फुटसाल खेळलेला रोनाल्डो आणि पोर्तो अलेग्रेत तोच खेळ खेळत वाढलेला रोनाल्डिन्यो, या दोघांच्या पायांनी सर्वांत मोठ्या क्षणी मोठ्या मैदानाचे धडे बाजूला ठेवून लहान कोर्टाचा धडा उचलला. आम्हाला अडाणी म्हणून शिकवलेला तो टोकाचा फटका अडचणीच्या जागेत सर्वांत शहाणा फटका असतो, कारण त्याला तयारी लागत नाही. आमच्या सरांना हे दोन्ही गोल दाखवायला मला फार आवडले असते. ते आता नाहीत. त्यांनी बहुधा मान हलवून, ती दोघे सोडून बाकी कोणी असे मारायचे नाही, असेच सांगितले असते.

पण ब्राझीलच्या या गोष्टीत एक काळी पट्टी आहे आणि ती सोडून पुढे जाणे मला पटत नाही. १९४१ साली तिथल्या सरकारने हुकूम काढून, स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ स्त्रियांनी खेळू नयेत, असे ठरवले. १९६५ साली क्रीडा परिषदेने त्या खेळांची नावेच जाहीर केली आणि त्या यादीत मैदानी फुटबॉलबरोबर हा छपराखालचा फुटबॉलही होता. ही बंदी उठायला १९७९ साल उजाडले. ज्या वर्षांत ब्राझीलच्या मुलग्यांचे पाय या कोर्टांवर घडत होते, त्याच वर्षांत तिथल्या मुलींना कायद्याने बाहेर ठेवले होते. पुरुषांचा फिफा विश्वचषक १९८९ मध्ये सुरू झाला. स्त्रियांचा पहिला फिफा फुटसाल विश्वचषक २०२५ मध्ये फिलिपिन्समध्ये झाला आणि तो ब्राझीलच्या मुलींनी जिंकला. वाहनतळातल्या त्या मुलीचा तळपाय आठवताना मला ही मधली छत्तीस वर्षे फार सलतात. तिला तळपायाने चेंडू मागे ओढणे कोणी शिकवले नव्हते, हे मी मागाहून तिलाच विचारून घेतले. "काका, मागे खांब होता ना, मग कुठे जाणार?" एवढेच ती म्हणाली. खांबाने ते तिला शिकवले, आणि पाठीशी खांब असलेल्या कोणत्याही मुलीला तो शिकवू शकला असता, मग ती साओ पावलोतली असली तरी.

हा खेळ आता जगात कुठे कुठे पोचला आहे, याची यादी मी देत बसणार नाही. स्पेन, रशिया, पोर्तुगाल, अर्जेंटिना यांची नावे येणारच. मला जवळचा वाटतो तो इराण. १९९९ ते २०२४ या काळात झालेल्या आशियाई अजिंक्यपदाच्या सतरा स्पर्धांपैकी तेरा इराणने जिंकल्या आणि उरलेल्या चार जपानने. त्या काळात तिसऱ्या कोणाला चषकाला हात लावता आला नाही. २०१६ च्या विश्वचषकात कोलंबियात इराणने ब्राझीलला ४-४ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर हरवले. ब्राझीलच्या फाल्कावचा तो विश्वचषकातला शेवटचा सामना होता. एकोणचाळीस वर्षांचा, या खेळाचा आजवरचा सर्वांत लाडका खेळाडू, त्या सामन्यात तीन गोल करूनही हरला होता. सामना संपल्यावर जिंकलेल्या इराणी खेळाडूंनी त्याच्याकडे धाव घेतली, त्याला खांद्यावर उचलले आणि वर हवेत झेलले. आपल्याला घरी पाठवणाऱ्यांच्या हातांवर तो माणूस रडतो आहे आणि हसतोही आहे, असे ते दृश्य आहे. इतक्या लहान जागेत, इतका वेळ एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर खेळणाऱ्यांमध्ये अशी माया निर्माण होत असावी, असे मला ते पाहताना वाटले.

हाच फाल्काव त्याच वर्षी जुलैत भारतात येऊन गेला होता. चेन्नई आणि गोव्यात एक व्यावसायिक फुटसाल लीग झाली. रोनाल्डिन्यो, गिग्ज, स्कोल्स, क्रेस्पो अशी मैदानी फुटबॉलमधली मोठी नावे एकेका शहराच्या संघातून खेळली. गोव्याकडून खेळताना रोनाल्डिन्योने एकाच सामन्यात पाच गोल केले आणि अंतिम सामना मुंबईने जिंकला. मी दूरचित्रवाणीवर बघत होतो. बाहेर आपला पावसाळा, आत झगमगीत निळे कोर्ट. बाकीचे पाहुणे मोठ्या मैदानावरून येऊन या जागेशी जुळवून घेत होते. फाल्काव तेवढा आपल्या घरात वावरत होता, चेंडू तळपायाखाली घेऊन एका क्षणात दोन माणसांच्या मधून निघत होता. दोन हंगामांनंतर ती लीग थांबली. नावे बघायला लोक आले आणि नावे गेल्यावर गेले, याचे मला दुःख झाले, पण आश्चर्य वाटले नाही. पाया असा वरून खाली घालता येत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२१ पासून फुटसालची क्लब स्पर्धा सुरू केली आणि २०२३ मध्ये भारताचा पुरुष संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरला. आशियातल्याच इराणपासून आपण किती मागे आहोत ते यावरून दिसते, आणि आपल्याकडे कोणत्याही शहरात मैदानापेक्षा सिमेंटची मोकळी चौकट अधिक सहज सापडते, हे लक्षात घेतले तर ते अधिकच टोचते.

मुंबई, ठाणे, पुणे इथे आता जागोजागी टर्फ झाली आहेत. जाळीचा पिंजरा, हिरवे कृत्रिम गवत, वर पांढरे दिवे. मी ऑफिसमधल्या तरुणांबरोबर रात्री उशिरा तिथे जातो आणि मला तिथे मनापासून आनंद होतो, हे आधी सांगितले पाहिजे. खेळून घरी आल्यावर मोज्यांतून रबराचे काळे दाणे सांडतात, ते झाडूनही दोन दिवस खोलीत सापडत राहतात. पण तिथला खेळ हा फुटसाल नव्हे. चेंडू मोठा, पाच नंबरचा आणि उसळणारा. रेषा नाही, जाळी आहे. आणि सगळ्यांत मोठा फरक घड्याळाचा. तास भरला की शिट्टी होते. पुढचा गट जाळीबाहेर बूट बांधून उभाच असतो. संध्याकाळचा दर दिवसापेक्षा चढा असतो आणि तो वर्गणी काढून भरावा लागतो, त्यामुळे ज्याच्याकडे वर्गणी नाही तो मुलगा जाळीबाहेरून बघतो. त्यांच्यातल्या काहींचे पाय आमच्यातल्या कोणाहीपेक्षा चांगले असतील, असे मला दर वेळी वाटते. सेरियानींनी जागेच्या टंचाईवर उपाय काढला होता. आपण त्या टंचाईला तासाचे भाडे लावले आहे. टर्फ चालवणाऱ्याला जागेचे भाडे, वीज, डागडुजी यांचा खर्च असतो, हे मला समजते आणि त्याच्यावर माझा राग नाही. माझी तक्रार सार्वजनिक जागा कुलूपबंद ठेवणाऱ्यांबद्दल आहे. शाळांची सिमेंटची कोर्टे शाळा सुटल्यावर बंद होतात, सुट्टीत बंद असतात, पावसात तर असतातच.

हे अशक्य कोटीतले मागणे नाही. मुंबईतच नागपाड्याला मस्तान वायएमसीएचे मैदान आहे. दाट वस्तीतल्या त्या कोर्टांवर पिढ्यान्‌पिढ्या मुले बास्केटबॉल खेळत आली आणि त्यांतून देशासाठी खेळणारे खेळाडू निघाले, ते कोर्ट मुलांच्या पायाखाली रोज होते म्हणून. ज्या संस्थेच्या छपराखाली मॉन्टेव्हिडिओत हा फुटबॉल जन्मला, त्याच संस्थेने आपल्याकडे बास्केटबॉल रुजवला. तसेच कोर्ट. फुटसालला आणखी काय लागते? तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असे दोन गोल, रंगाच्या काही रेषा आणि कमी उसळणारा, काचा न फोडणारा एक चेंडू.

माझा एक शाळासोबती कोल्हापूरजवळच्या एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक आहे. शाळेच्या बास्केटबॉल कोर्टची रिंग मोडून बरीच वर्षे झाली होती आणि तिथे शिक्षकांच्या दुचाकी लागत. हे सगळे त्याला एकदा सविस्तर सांगितले, तेव्हा तो फक्त हुंकार देत होता. मग त्याने मुख्याध्यापकांची परवानगी काढली, दुचाकी हलवल्या, ऑइलपेंटने रेषा मारून घेतल्या आणि गावातल्या वेल्डरकडून पाइपचे दोन गोल करवून घेतले. चेंडू मी पाठवला. परवा मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. मागे प्रचंड गलका चालू होता. चेंडू रेषेवर थांबला तर तो आत धरायचा की बाहेर, यावरून सातवीच्या दोन तुकड्या हमरीतुमरीवर आल्या होत्या. संपूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेल्याशिवाय तो बाहेर नाही, असे मी सांगितले, आणि त्याने फोन उंच धरून ते सगळ्यांना ऐकवले. निम्म्या मुलांनी जल्लोष केला. उरलेल्यांतून एका मुलीचा खणखणीत आवाज आला की फोनवरच्या सरांनी चेंडू पाहिलेलाच नाही, तेव्हा त्यांचा निकाल धरता येणार नाही. आणि तिचे म्हणणे रास्त होते.